फुफीने केलेलं डोकं

ज्या रविवारी आमच्या घरात त्या डोक्यावरून भांडण झालं, त्याच्या तीन दिवस आधी मी चुगली केली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर कोणी फसायला नको.

तेव्हा मी तिला चुगली म्हणत नव्हते. तेव्हा मी तिला 'दीनी जबाबदारी' म्हणत होते. रविवारच्या हदीसच्या, म्हणजे पैगंबर नबींच्या वचनांच्या, वर्गाला जायला लागून मला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवड्यांत माणूस जितका विद्वान होऊ शकतो त्याच्या साधारण दहापट मी झाले होते. कोणती हदीस सही, कोणती हसन, कोणती जईफ, म्हणजे कोणती पक्की, कोणती बरी आणि कोणती कच्ची, ते माझ्या वहीत तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेलं होतं. घरात कोणी डाव्या हाताने घास उचलला की माझी वही उघडलीच. अब्बा मला 'मुफ्तीसाहेब' म्हणायला लागले होते आणि, अल्ला माफ करो, मला ते कौतुक वाटायचं.

तर त्या गुरुवारी मी शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठा शोधत कारखान्याच्या मागच्या खोलीत शिरले. आमचा कारखाना म्हणजे पणजोबांपासून चालत आलेला कपड्यांच्या दुकानांतल्या पुतळ्यांचा धंदा. 'पुतळा' हा शब्द मात्र आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. आम्ही 'अंग' म्हणतो. बायकांची अंगं, पुरुषांची अंगं, शाळकरी मुलांची अंगं. भिंतीला टेकून चाळीस-पन्नास अंगं कायम उभी असतात, आणि प्रत्येकाच्या मानेवर लाकडी टोपण असतं. डोकं आम्ही करत नाही. कधीच केलं नाही. दुकानदारांना वाटतं, ती फॅशन आहे.

आणि त्या खोलीत, पोत्याखाली, एक कान होता.

मी पोतं आणखी बोटभर सरकवलं. कानाला गाल होता. गालाला हनुवटी होती. मी जी किंचाळले आणि पळाले, ती थेट मोठ्या चाचांच्या टेबलापाशी जाऊन थांबले.

"चाचा, मागच्या खोलीत डोकं आहे!"

"कोणाचं?" चाचा घाबरून उठले.

"कोणाचं नाही. केलेलं. फायबरचं." मग मी श्वास घेतला आणि वर्गात बाई बोलतात तशी सावकाश बोलले, "चाचा, हदीस आहे. जे लोक जिवंत प्राण्यांच्या प्रतिमा बनवतात, त्यांना कयामतच्या दिवशी सांगितलं जाईल की जे घडवलंत त्यात आता जीव घाला. आणि ते त्यांना जमणार नाही. सही आहे. मी तपासलंय."

'मी तपासलंय' म्हणजे हिरव्या पेनाने लिहिलंय.

डोकं कोणी केलं असेल, हे विचारायची गरजच नव्हती. आमच्याकडे अंगांचे हात फक्त फुफी, म्हणजे माझी आत्या, करते. तिने केलेल्या बोटांवर नखांची चंद्रकोरसुद्धा असते. कान करू शकेल असं दुसरं कोणी त्या छपराखाली नव्हतं.

*

पुढचं मी पाहिलेलं नाही. हे मला अब्बांनी सांगितलं, अब्बांना चाचांनी. साखळी छोटी आहे, पण अब्बा दोघांचंही मन राखायला बघतात, त्यामुळे बरी म्हणू, पक्की नको.

चाचा मागच्या खोलीत गेले. पोत्याखालून जे बाहेर दिसत होतं ते त्यांनी पाहिलं नाही. मुद्दाम. तोंड फिरवून त्यांनी ते पोत्यात सरकवलं, पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं, जसं एखादं मांजर बांधावं, आणि ते उचलून स्वतःच्या कपाटात ठेवलं. मग तिथेच स्टुलावर बसले.

दादा, म्हणजे माझे आजोबा, गेल्यापासून कारखाना चाचांकडे होता. दादांसारखं होता येत नाही, हे त्यांना रोज सकाळी कुलूप उघडताना कळायचं. कारागीर त्यांचं ऐकायचे, पण दादांच्या वेळी ऐकायचे तसं नाही. रंग बदलला, राळ बदलली, दुकानदार बदलले. दादांच्या वेळचं जसंच्या तसं एकच उरलं होतं, ते म्हणजे मानेवरचं टोपण. तेवढं तरी आपल्या हातून सुटू नये, एवढंच चाचांना वाटत होतं. आणि ते सुटलं, तेही सख्ख्या बहिणीकडून.

फुफी हात धुऊन आली, तेव्हा ते म्हणाले, "रविवारी सगळ्यांसमोर फोडायचं."

"मग त्याच दिवशी मी जाते," फुफी म्हणाली.

"कुठे?"

"नर्सिंग कॉलेजला. ज्यांना मी ते डोकं दाखवायला नेणार होते तिथे. त्यांच्याकडे मॉडेलची खोली आहे. राहायची सोय आहे. त्यांनी विचारलंय दोनदा."

"तू आम्हाला सोडून जाणार? एका डोक्यापायी?"

"मी नाही भाईजान. तुम्ही डोक्यापायी मला घालवताय."

अब्बा म्हणतात, हे शेवटचं बोलणं त्यांनी दारात उभं राहून स्वतः ऐकलं आणि दोघांनाही मान डोलावली.

*

रविवारी माझी अवस्था अशी होती की वही नको आणि वर्गही नको. फुफी जाणार म्हणजे काय, हे मला तीन दिवसांत हळूहळू समजलं होतं. माझी वेणी कोण घालणार इथपासून सुरुवात झाली (मी काही थोर मुलगी नाही) आणि मग एकेक करत ते सगळ्या घरावर पसरलं. दादीच्या औषधांच्या वेळा फुफीला पाठ. अब्बा आणि चाचा भांडले की मध्ये बसून चहा ओतणारी फुफी. तिच्या खोलीला कुलूप, अशी कल्पना करून बघितली आणि ताबडतोब रडले.

तेवढ्यात चाचांनी माझी सुटकेची वाटच बंद केली. "तुझ्या वर्गाच्या बाईंना दुपारी घेऊन ये. हदीस त्यांच्याकडून आलीय ना? त्यांच्याच तोंडून होऊ दे."

चाचांना वाटलं होतं, जाड चष्म्याच्या कोणी वयस्कर बाई येतील. स्कूटरवरून उतरली ती सव्वीस वर्षांची मुलगी, हेल्मेटखाली हिजाब, आणि सर्दीने लाल झालेलं नाक. चाचा 'या बाई' आणि 'ये बेटा' यांच्यात अडकून शेवटी नुसतेच "हां" म्हणाले.

बैठक कारखान्यातच झाली. दादी खुर्चीत. चाचा टेबलापाशी, टेबलावर सुतळीने बांधलेलं पोतं, पोत्याशेजारी हातोडा. फुफी दाराजवळ, जणू तिची बस लागलेलीच आहे. अब्बा बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंपासून सारख्याच अंतरावर. आणि आमच्या मागे पन्नास अंगं, बिनतक्रार.

"सांग," चाचा मला म्हणाले, "गुरुवारी काय सांगितलंस ते."

मी सांगितलं. गुरुवारी ते मी भाषणासारखं म्हटलं होतं. रविवारी ते माझ्या चपलांना म्हटलं.

"बरोबर?" चाचांनी बाईंना विचारलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पक्की आहे ती. नबींच्या एकापेक्षा जास्त सोबत्यांकडून, सहाबींकडून, आलेली आहे."

फुफीने डोळे मिटले. चाचांचा हात हातोड्याकडे गेला.

आणि अब्बा, जे आयुष्यात कधी मोठ्या भावासमोर बोलले नव्हते, ते म्हणाले, "भाई, एक विचारू? कुराणात कुठे आहे, दुकानाची अंगं करू नका म्हणून? हदीस लोकांनी सांगितलेल्या. याने त्याला, त्याने ह्याला. आपण दोन गल्ल्यांपलीकडची बातमी आणतो ती बदलून आणतो."

"अस्सं," चाचा म्हणाले. "तू सकाळी नमाजच्या किती रकात पढलास?"

"दोन फर्ज. का?"

"कुराणात कुठे आहे दोन? नमाज पढा एवढं आहे. किती, कशी, आधी काय, मागून काय, हे कोणी दाखवलं? नबींनी दाखवलं आणि पाहणाऱ्यांनी सांगितलं. तेव्हा तुला याने त्याला चालतं. डोकं आलं की चालत नाही."

खरं सांगायचं तर चाचांचं हे बोलणं इतकं चोख होतं की मी टाळी वाजवायच्या बेतात होते. मग आठवलं, मी फुफीच्या बाजूची आहे.

"चाचा बरोबर बोलतायत," बाई रुमालात शिंकून म्हणाल्या. "सोयीची तेवढी घ्यायची आणि अडचणीची ती ऐकीव, असं नाही करता येत. पण मग सगळ्याच घ्यायच्या. ही एकच का आली?" आणि माझ्याकडे वळल्या. "चौथ्या रविवारी काय झालं वर्गात?"

"चौथ्या रविवारी... टेबल टेनिसची मॅच होती."

"हिने सर्दीचा निरोप पाठवला होता," बाई सर्वांना म्हणाल्या. "सर्दी मला झाली."

दादी खुदकन हसली. अब्बा छताकडे बघू लागले. मी एखाद्या अंगाच्या मागे जाऊन उभी राहता येईल का ते बघत होते. मान खाली घातली असती तर कळलंही नसतं.

"चौथ्या रविवारी," बाई म्हणाल्या, "आपण नबींच्या बीबी हजरत आयेशांच्या बाहुल्यांची हदीस वाचली. त्या नबींच्या घरात बाहुल्या खेळायच्या, मैत्रिणींबरोबर. तीही पक्की आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये त्या खेळण्यांत एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख. नबींनी विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना होते ना! तेव्हा ते इतके हसले की दाढा दिसल्या."

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही, आणि दुसऱ्याच क्षणी इतकी लाज वाटली. एवढी छान गोष्ट मी मॅचसाठी सोडली होती. आणि मॅच हरले होते.

"म्हणजे चालतं?" अब्बा उत्साहाने पुढे झाले.

"मी असं म्हटलं नाही. कोणी म्हणतं, ती मुलांच्या खेळण्यांपुरती सूट. कोणी म्हणतं, शिकवायला लागतं तेही त्यात येतं. कोणी म्हणतं, तेही नाही. मोठमोठ्या लोकांनी यावर आयुष्यं घालवलीत. मी सात वर्षं शिकले, त्यातून एवढं नक्की कळलं की निकाल देणं माझं काम नाही." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी ते कुठे लागायचं तिथे लागलं. "प्रश्न लिहून मुफ्तींकडे न्या. पण प्रश्न नीट लिहा. काय बनवलंय, कशासाठी बनवलंय. आणि घरात हा नियम कधीपासून आहे, कोणी केला?"

"आमच्या आजोबांनी," चाचा ताठ झाले. "त्यांनी ही हदीस ऐकली आणि त्या दिवसापासून डोकं बंद."

"तुम्ही त्यांच्याकडून ऐकलंत?"

"अब्बांकडून. म्हणजे, अब्बा म्हणायचे तसं."

"त्यांनी कोणाकडून?"

चाचांनी दादीकडे पाहिलं. अब्बांनीही. फुफीनेही डोळे उघडले. आमच्या घरात पणजोबांना पाहिलेली, त्यांच्याशी बोललेली एकच व्यक्ती जिवंत होती, आणि ती पदराच्या टोकाने चष्मा पुसत होती.

"माझ्याकडे काय बघता," दादी म्हणाली.

"अम्मी, सांग ना. आजोबांनी हदीस ऐकून डोकी बंद केली की नाही?"

"हदीस नंतर ऐकली."

"नंतर म्हणजे?"

"आधी नाक जमेना." दादीने चष्मा घातला. "मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या खोलीत अकरा डोकी पडलेली. एकाचंही नाक सरळ नाही. कारखान्याचं पहिलं गिऱ्हाईक तर म्हणालं होतं, अहो, माझ्या दुकानात येणारी बाई कपडे बघायच्या आधी घाबरेल. मग यांच्या अब्बांनी डोकीच बंद केली. पुढे दोन-तीन वर्षांनी मशिदीत ती हदीस ऐकली आणि इतके खूश होऊन घरी आले! म्हणाले, बघा, अल्लाने मला आधीच वाचवलं होतं."

पहिले अब्बा हसले. मग बाई, रुमालात. मी ओठ चावून धरले होते, पण फुफीच्या खांद्यांकडे पाहिलं आणि माझंही सुटलं. चाचा एकटे हसत नव्हते. एका वर्षापासून जे ते प्राणपणाने सांभाळत होते ते दादीने नाक शिंकरावं तसं झटकलं होतं.

"हे तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस?" ते म्हणाले.

"सासऱ्याच्या नाकाबद्दल कोण बोलतं," दादी म्हणाली.

"ठीक आहे," चाचा हळूहळू म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "आपल्या घराचा नियम नाकावर गेला, तर जाऊ द्या. नबींचं म्हणणं तर नाकावर जात नाही ना, बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "ते आहे तिथेच आहे."

"मग मला सांगा, हे काय बनवलंय," चाचा फुफीकडे वळले, "आणि का."

*

फुफीने तेव्हा फार थोडं सांगितलं. बाकीचं मला नंतर, तिच्याकडूनच. मध्ये कोणी नाही. ही माझी सर्वांत पक्की साखळी आहे.

मागच्या वर्षी दादा कारखान्यात पडले, त्या दुपारी फुफी त्यांच्यापासून चार हातांवर बोटं घासत होती. चाचा मालाच्या गाडीबरोबर बाहेर, अब्बा गोदामात. दादांनी टेबल धरायचा प्रयत्न केला आणि ते हातातून सुटल्यासारखे खाली आले. फुफीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. नाव घेत राहिली. पाणी शिंपडलं. तळवे चोळले. डॉक्टर वीस मिनिटांनी आले आणि त्यांनी विचारलं, छाती दाबली का? श्वास दिला का? फुफी म्हणाली, कसा देतात? डॉक्टरांनी बॅग बंद केली.

पुढे तिने चौकशी केली, तेव्हा कळलं की नर्सिंग कॉलेजात श्वास द्यायला शिकवतात, आसपासच्या कारखान्यांतल्या लोकांनाही शिकवायची त्यांची तयारी आहे, पण सरावाच्या डमी दोनच. एकीचा जबडा तुटलेला. दुसरीची मान मागे कलत नाही. आणि मान मागे कलली नाही तर श्वासाची वाट उघडत नाही. अशा बारा डमी हव्या होत्या त्यांना. फुफीच्या मागे भिंतीला टेकून पन्नास छात्या उभ्या होत्या. फक्त वर टोपण होतं.

तिने ठरवलं होतं, नुसतं डोकं करायचं. कोणाचंही नाही. आधी जबडा केला, बिजागरी लावून. मग नाक आणि ओठ रबराचे, कारण नाक चिमटीत धरता आलं पाहिजे. पण कपाळ करायला घेतलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. ती बोटं कुठलं कपाळ ओळखत होती, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

"आणि तरी थांबली नाहीस?" मी विचारलं होतं.

"तू असतीस तर थांबली असतीस?"

मी वर्गात तीनच रविवार गेले होते.

*

कारखान्यात मात्र ती एवढंच म्हणाली, "श्वास द्यायला शिकायचं डोकं आहे. अब्बांच्या वेळी कोणालाच येत नव्हतं म्हणून." आणि मग, "फोडायचं तर फोडा. पण बघून फोडा. न बघता नको."

चाचांनी सुतळी सोडली.

मी पुढे होते. गुरुवारी मी एक कान आणि अर्धी हनुवटी पाहून मजहबी भाषण ठोकलं होतं. आता पूर्ण पाहिलं. डोळे मिटलेले. कपाळावर डाव्या बाजूला छोटा खळगा, लहानपणी झाडावरून पडल्याचा. वरचा ओठ जरासा आखडलेला, कोणी फालतू बोललं की व्हायचा तसा.

दादा टेबलावर होते.

दादी खुर्चीतून उठली. अब्बांनी पटकन टोपी नीट केली, मग आपण काय केलं ते कळून हात खाली घेतला. आणि चाचा, जे हातोडा घेऊन उभे होते, ते एक पाऊल मागे सरकले आणि त्यांचा उजवा हात उठला, कपाळाकडे. सलामाला.

हात अर्ध्यात थांबला.



"पाहिलंस?" चाचा फुफीला म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, भ्यायलेला होता. "पाहिलंस मी काय करणार होतो?"

फुफीने मान हलवली.

"मी रोज केला असता. सकाळी कुलूप उघडून पहिला. आणि काही विचारायचं असलं की इथे येऊन विचारलं असतं. मला ठाऊक आहे मी." त्यांनी हातोडा टेबलावर ठेवला. "बाई, माझी पुतणी सांगत होती ती शिक्षा बिक्षा, ती मी भीतीने ऐकत होतो. कशासाठी सांगितलंय ते मला आज कळलं."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "एक हदीस आहे. आधीच्या लोकांत कोणी नेक माणूस गेला की ते त्याच्या कबरीपाशी इबादतीची जागा बांधायचे आणि तिथे त्याची चित्रं ठेवायचे. नबींना ते फार वाईट वाटलं होतं."

"वाईट लोक नसतील ते," फुफी म्हणाली.

"नसतील. त्यांचंही कोणीतरी गेलं असेल."

मग बोललं कोण? अर्थात मी. दर वेळी मीच. पण या वेळी माझ्याकडे कुठलाच रंग नव्हता, म्हणून नुसतं विचारलं. "फुफी, श्वास द्यायला डोळे लागतात का?"

"काय?"

"कपाळ लागतं का? भुवया? कान?"

फुफीने टेबलावरच्या डोक्याकडे पाहिलं. "नाक लागतं," ती म्हणाली. "ओठ. हनुवटी. मान."

चाचांनी बाईंकडे पाहिलं.

"चेहऱ्याची ओळखच पुसली तर ती प्रतिमा राहत नाही, असं बऱ्याच आलिमांचं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या. "तरी मुफ्तींना विचाराच. माझ्यावर सोडू नका."

"विचारणार. उद्याच." चाचा म्हणाले. "प्रश्न हिने लिहायचा." म्हणजे फुफीने. "मला नाही जमणार नीट."

फुफी दारापासून हलली. फळीवरून कानस घेतली, जिने ती बोटं घासते ती बारीक नाही, मोठी, खरखरीत. टेबलापाशी आली आणि थांबली. "हलतंय," ती म्हणाली. "कोणीतरी धरा."

अब्बा पुढे झाले. चाचांनी त्यांना बाजूला केलं. त्यांनी दोन्ही तळव्यांत ते डोकं धरलं, कानांच्या खाली, मागच्या वर्षी फुफीने धरलं होतं तसं.

"थांब," दादी म्हणाली. ती आली, वाकली, चष्म्यातून एकदा पाहिलं. स्पर्श केला नाही. "नाक यांचं असं सरळ नव्हतं," ती म्हणाली. "तू मेहेरबानी केलीस." आणि परत जाऊन बसली.

फुफीने कपाळापासून सुरुवात केली. खळगा आधी गेला. पांढरी भुकटी चाचांच्या बाह्यांवर उडत होती. मग भुवया, मग पापण्या. मग कान, ज्याच्यामुळे हे सगळं झालं होतं. मी तोंड फिरवणार नव्हते, या वेळी सगळं पाहायचं ठरवलं होतं. तरी पापण्यांच्या वेळी फिरवलं. चाचांनी नाही फिरवलं. ते खालीच बघत होते, आणि कधी तो चेहरा दादांचा राहिला नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांना येईल.

शेवटी फक्त नाक, ओठ आणि हनुवटी उरली. ते कोणीही असू शकलं असतं.

फुफीने भिंतीजवळून एक पुरुषाचं अंग ओढलं, आडवं केलं, मानेवरचं टोपण काढलं आणि डोकं बसवलं. छातीच्या जागी तिने कधीच रबर बसवून आत पिशवी लावून ठेवली होती. चोरटी! आम्ही सगळे त्या अंगाला टेकून चहा प्यायचो.

"भाईजान, बसा इथे," ती म्हणाली.

चाचा जमिनीवर गुडघे टेकून बसले. बासष्ट वर्षांचे. कारागिरांसमोर कधी बाही न वर करणारे.

"एक हात कपाळावर. दोन बोटं हनुवटीखाली. मान मागे. अजून. आता नाक धरा. तोंड पूर्ण लावा आणि फुंका. जोरात नाही. एक सेकंद."

चाचांनी फुंकलं. काही झालं नाही.

"मान," फुफी म्हणाली. "मान मागे घ्या."

त्यांनी मान आणखी मागे कलवली. पुन्हा फुंकलं. आणि अंगाची छाती, जिच्यावर आजवर फक्त लोकांचे शर्ट चढले होते, ती वर आली. आणि खाली गेली.

चाचांनी तोंड वर केलं. दाढीत भुकटी होती.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच," फुफी म्हणाली. "तीस वेळा छाती दाबायची, मग दोन श्वास. डॉक्टर येईपर्यंत."

चाचांनी एक तळवा दुसऱ्यावर ठेवला, छातीच्या मधोमध.

"मोज," ते म्हणाले.

फुफी मोजू लागली. तीस झाले, दोन श्वास झाले, पुन्हा एकपासून. चाचांना धाप लागली, घाम आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबले नाहीत, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना पुरे म्हणालं नाही.